केंदूरहून कात्रजला, बिबट्या बघायला

रविवारी सकाळी व्हॅन दारात आली तेव्हा सासूबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. मी कात्रजला प्राणिसंग्रहालय बघायला चालले आहे, एवढं त्यांना आदल्या दिवशी सांगितलं होतं. "डबा घेतलास ना?" एवढंच त्या म्हणाल्या.

व्हॅन शिक्रापूरच्या अकबरमामांची. एरवी ते आमच्या केंदूरच्या शाळेतल्या मुलांची ने-आण करतात, आणि मी त्याच शाळेत शिकवते.

"जयभीम, बाई. हात माझ्या खांद्याव टाका. जोर लावू नका, मी उचलतो," असं म्हणून त्यांनी मला पुढच्या सीटवर बसवलं आणि व्हीलचेअर घडी करून मागे टाकली.

मी बिबट्या बघायला निघाले होते, हे फक्त मामांना माहीत होतं.

तीन वर्षांपूर्वी माझा नवरा मिलिंद आणि मी मोटारसायकलवरून पाबळहून घरी येत होतो. दिवस मावळायला आला होता. दोन्ही बाजूंना ऊस. मी मागे बसून वाऱ्याने उडणारा पदर सावरत होते. "सुनंदा, बघ, बघ! काय देखणं हाय!" मिलिंद ओरडला. मी मान वळवेपर्यंत उसात शिरणारी शेपटी तेवढी दिसली. पुढच्याच क्षणी आम्ही रस्त्यावर पडलो होतो. मिलिंद तिथेच गेला. माझा खुबा आणि मांडी मोडली. आता वॉकर धरून घरातल्या घरात चालते, बाहेर मात्र खुर्ची लागते.

पुढे वनखात्याच्या पिंजऱ्यात एक वाघरू (बिबट्याला आमच्याकडे असंच म्हणतात) सापडलं. ते तेच होतं की दुसरं, कोण सांगणार? माझा त्याच्यावर कधी राग नव्हता. लोकांना हे पटत नाही, म्हणून मी बोलत नाही. मिलिंदने शेवटचं जे पाहिलं ते एकदा नीट बघावं, एवढीच आस लागून राहिली होती.

शिक्रापूरच्या चौकात ट्रकांच्या रांगेत आम्ही बराच वेळ अडकलो. मामांनी टपरीवरून चहा आणला. मी नको म्हटलं. पुढे संडासाची सोय कशी असेल हे ठाऊक नसलं, की मी पाण्याचा घोटही घेत नाही.

"दोन घोट घ्या. लागलं तर माझ्या बहिणीचं घर हडपसरला हाय, तिथं थांबू. तिच्याकडं पायऱ्या न्हाईत," मामा म्हणाले. त्यांनी आधीच सगळा विचार करून ठेवला होता. मी चहा घेतला. आलं भरपूर होतं.

कात्रजला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. आत झाडी दाट आणि सावली गार, पण रस्ता चढ-उताराचा. लोकांना फिरवणारी बॅटरीची गाडी होती, पण तिच्यात बसायचं म्हणजे पुन्हा कुणीतरी उचलणं आलं. मी खुर्चीच बरी म्हटलं. हत्तीपाशी पोचेपर्यंत मामांना धाप लागली. आम्ही तिथेच थांबून डबा सोडला. भाकरी, ठेचा, मेथी. हत्ती सोंडेने अंगावर माती उडवत होता. पुढे एका वळणावर खुर्चीचं पुढचं चाक फटीत अडकलं. एका तरुण बापाने कडेवरचं पोर बायकोकडे दिलं आणि "अंकल, आप पीछे से उठाओ" म्हणत चाक सोडवलं.

बिबट्याच्या कठड्याशी शाळेच्या सहलीची गर्दी होती. मला नुसत्या पाठी आणि दप्तरं दिसत होती. "उभं राहता का? मी धरतो," मामा म्हणाले. मी त्यांच्या दंडाला धरून उठले. पाय थरथरायला लागले, पुढची डोकी तरीही आडवीच येत होती. खाली बसले तेव्हा डोळे भरून आले. इथवर येऊन पुन्हा शेपटीसुद्धा दिसणार नाही, असं वाटलं.

तेवढ्यात मुलींबरोबरच्या शिक्षिकेने मागे वळून पाहिलं.

"ए पोरींनो, खाली बसा सगळ्या! मागं ताई हायेत, त्यास्नी दिसंना."

सगळी रांग भुईवर बसली. ती शिक्षिकाही बसली. दौंडकडची शाळा होती, असं नंतर कळलं.

आणि मला ते दिसलं. लाकडी फळीवर आडवं पडलं होतं, एक पंजा खाली लोंबत होता. ठिपके मला भरीव वाटायचे, पण ते मधे पोकळ होते, फुलासारखे. हनुवटीखाली पांढरं. मग ते उठलं, ताणून आळस दिला आणि उतरून चालू लागलं. प्रत्येक पावलाला खांद्याची हाडं कातडीखालून वर येत, खाली जात. कसलाच आवाज नाही.

'होय, देखणं आहे,' मला म्हणायचं होतं. गाडीवर मी नेहमी मिलिंदच्या पाठीशी बोलायचे. आता समोर ती पाठ नव्हती.

परत घरी आले तेव्हा सासूबाईंनी चहा टाकला. कप हातात देऊन त्या माझ्या खुर्चीशेजारी बसल्या.

"दिसलं का वाघरू?"

त्यांना मी काहीच बोलले नव्हते. मामांनीही नाही.

"दिसलं," मी म्हणाले, आणि ठिपक्यांपासून चालीपर्यंत सगळं सांगितलं. त्या कान देऊन ऐकत होत्या.

"भ्याला व्हता का गं?" त्यांनी विचारलं. माझ्या चेहऱ्यावरचा गोंधळ बघून म्हणाल्या, "आपला मिलिंद. त्या टायमाला."

"नाही, आई. हरखला होता. मला दाखवत होता."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मी त्यांचा हात धरून बसले. तीन वर्षं आम्ही एका घरात राहिलो, एका ताटात जेवलो, आणि त्या संध्याकाळकडे दोघी आपापल्या जागेवरून एकट्याच बघत राहिलो. मला वाटत होतं, ती तळमळ फक्त माझी आहे.

बऱ्याच वेळाने त्यांनी नाक पुसलं.

"कवा उघडं असतं ते?"

"बुधवार सोडून रोज," मी म्हणाले.