खापर उष्णतेच्या डोक्यावर

प्रयोगशाळेत तिला सगळे तडतडी म्हणत. तोंडावर म्हणत आणि तीही बिनदिक्कत ‘ओ’ देई. बाप रंगारी. शिडीवर लटकून लोकांच्या भिंती रंगवत त्यानं पोरीला शिकवलं. त्यामुळे कुणी उपकाराच्या सुरात बोललं की हिचं डोकं सणकलंच.

तिचं काम जोड्यांचं. क्वार्क म्हणजे प्रोटॉन ज्यांचा बनतो त्या जातीचे कण; त्यातला एखादा जड क्वार्क आणि त्याचा उलट भाराचा जुळा, प्रतिक्वार्क, एकमेकांना बिलगून असतात. शिशाची दोन अणुकेंद्रं भन्नाट वेगानं आपटली की क्षणभर एक भयंकर तापलेला लगदा तयार होतो. त्यातली कणांची गर्दी या दोघांच्या मधे घुसते, ओढ कमी पडते, जोडी फुटते. सैल जोड्या आधी फुटतात, घट्ट जोड्या तग धरतात. मग किती वाचल्या यावरून लगदा किती तापला होता, त्याचा अंदाज बांधायचा.

परिषद तोंडावर आली होती आणि तिथलं व्याख्यान तडतडीचं होतं. आयुष्यातलं पहिलं. त्यासाठी घेतलेले नवे बूट ती आठवडाभर घालून हिंडत होती. टाचेला चावत होते, तरी काढत नव्हती.

व्याख्यानातला मुख्य आलेख मात्र गटप्रमुख सरांनी केला. शिशाच्या टकरीतल्या जोड्या त्यांनी प्रोटॉन-प्रोटॉनच्या साध्या टकरींशी ताडल्या आणि दिसली ती सगळी घट उष्णतेच्या नावावर टाकून मोकळे झाले.

बैठकीत तडतडी उठली. “सर, थंड शिसं कुठंय यात?”

“म्हणजे?”

“नुसता प्रोटॉन शिशावर सोडला, तर लगदा होतो का? म्हणण्यासारखा नाहीच, शिसं थंडच राहतं. तरी जोड्या कमी पडतात. काही अणुकेंद्रातून निघता निघताच मोडतात, काही मुळात बनतच नाहीत. आधी ती घट बाजूला काढा, मग उष्णतेची मान धरा.”

“तळटीप टाकू की.”

“खापर मथळ्यात फोडायचं आणि माफी तळटीपेत मागायची?”

कोपऱ्यात कुणीतरी खुसकन हसलं. सरांचे कान लाल झाले.

या गटाची एक रीत होती. आलेख बाहेर जाण्याआधी टेबलाभोवतीच्या प्रत्येकानं तोंडानं ‘मान्य’ म्हणायचं. एकानं जरी अडवलं, तर आलेख जागच्या जागी थांबणार आणि त्यावरचं व्याख्यान रद्द.

सर हळू आवाजात म्हणाले, “तडतडे, मंच तुझा आहे. पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही. जरा शहाणपणानं घे.”

‘मान्य’, ‘मान्य’ करत आवाज टेबलाभोवती फिरला. मघाशी खुसखुसलेलाही मान खाली घालून मान्य म्हणाला. शब्द तिच्यापाशी येऊन थांबला. टाच ठणकत होती.

“नाही,” ती म्हणाली. “साफ नाही. थंड शिसं आलेखावर येईपर्यंत नाही.”

सरांनी लॅपटॉप असा मिटला, की टेबलावरचा कप हिंदकळला. एवढ्याशा कणांसाठी एवढा थयथयाट कशाला, असं बाहेर पडताना कुणी पुटपुटलं. “मग काय, भांडायला डोंगर पडायची वाट बघू?” ती मागून ओरडली.

संध्याकाळी बापाचा फोन. “मग, कधी निघतेस?”

“नाही जात, बाबा. रद्द झालं. मीच केलं.”

“भांडलीस?”

“भांडले.”

“अगं बये, मी सगळ्या गल्लीला सांगून बसलोय!” मग तो व्यवहारावर आला. “दुकानदार बूट परत घेईल का बघ.”

“नाही घेणार. आणि मीही देणार नाही,” ती म्हणाली. तिनं दुसऱ्या हातानं थंड शिशाच्या टकरींची फाइल उघडली होती. “तोच आलेख नीट करून पुढच्या खेपेला त्याच मंचावर चढणार आहे. तोवर चावायचे थांबतील.”