लूपमधून गळालेले दोघं

"सवलतीवर पास झालेली माणसं असाच कोड लिहिणार."

केदार सर हे मराठीत म्हणाले. हसत. सर्जापूर रोडवरच्या आमच्या ऑफिसात, मीटिंगमध्ये, नऊ जणांसमोर. सगळ्यांत मराठी कळणारे आम्ही दोघंच. ते पुण्याचे, मी भंडाऱ्याची. सर हसले म्हणून बाकीचेही हसले. कशाला हसतोय हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. वाक्य फक्त माझ्यासाठी होतं.

पडद्यावर एक क्वेरी होती, साठवलेल्या नोंदींतून माहिती मागवणारा कोड. आमचं सॉफ्टवेअर एका हॉस्पिटलच्या डायलिसिस विभागाला रोज सकाळी यादी देतं. कोणता पेशंट, कोणतं मशीन, किती वाजता. ती यादी उशिरा निघायची. पेशंट पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसून राहायचे. फाइलमध्ये शेवटचा बदल माझ्या नावावर होता. आदल्या दिवशी मी एका शीर्षकातलं स्पेलिंग सुधारलं होतं. तेवढंच. कोड सरांचा होता, मी यायच्या आधीचा. त्यांनाही ते ठाऊक होतं.



नोकरीच्या पहिल्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्यांनी विचारलं होतं, "पूर्ण नाव काय तुझं?" मी आडनाव सांगितलं. "अच्छा," म्हणाले. बस्, एवढंच. त्यानंतर माझ्याशी मराठीत बोलायचे ते असलंच काही बोलायला. आईनं बजावलं होतं, "कोणाच्या तोंडी लागू नोको बाई. नोकरी टिकव." म्हणून गप्प. शाळेत गप्प, इंजिनिअरिंगला गप्प, इथेही गप्प. सवय होते. मग गप्प बसल्याची लाजसुद्धा वाटेनाशी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डायलिसिसच्या सिस्टरचा कानडीत फोन आला. "लिस्ट बंदिल्ला अम्मा." यादी आली नाही. मागे कुणीतरी खोकत होतं, थांबतच नव्हतं.

मी क्वेरी उघडली. कुठे अडकते ते बघत गेले. आत लूप होता. एक पेशंट घ्यायचा, सगळ्या जुन्या नोंदी पहिल्यापासून चाळायच्या, परत यायचं, दुसरा घ्यायचा. प्रत्येकासाठी तीच पायपीट. मी लूप काढून टाकला. सगळे पेशंट आणि सगळ्या नोंदी एकाच क्वेरीत जोडल्या. एकेकाला शोधत बसायचं नाही, सगळ्यांचं उत्तर एकदम मागायचं. चहा आणून जागेवर बसले तर यादी तयार.

मग जुनी यादी आणि नवी यादी शेजारी ठेवली. नवीत दोन नावं जास्त. वाटलं, माझंच चुकलं. मला आधी हेच वाटतं, नेहमी.

दुपारभर तपासलं. माझं चुकलं नव्हतं. कुणी वेळ रद्द करून पुन्हा घेतली असेल, तर लूप रद्द झालेली नोंद बघायचा आणि त्या माणसाला सोडून द्यायचा. नंतरची नोंद बघायचाच नाही. सिस्टरला फोन केला. ती म्हणाली, हो, ते दोघं येतात. यादीत नाव नसतं, म्हणून गेटवरून परत पाठवतात. एक बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात काम करणारे. दोन बस बदलून यायचे.

यादीत नाव नाही, परत जा. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

नवी क्वेरी आणि त्या दोन नावांचं सगळं लिहून सरांना पाठवलं. उत्तर आलं नाही.

आठवड्यानं हॉस्पिटलबरोबर कॉल झाला, आमची सगळी टीमही होती. सर इंग्रजीत म्हणाले, "ही क्वेरी मी नव्यानं लिहिली." मी तेही गिळलं असतं. खरं सांगते, गिळलं असतं. पण सिस्टरनं विचारलं, "मग ती दोन नावं का येत नव्हती?" सर म्हणाले, "तुमच्या स्टाफनं नोंद चुकवली असेल."

मी माइक चालू केला.

"नोंद बरोबर होती. चूक आमच्या लूपमध्ये होती. लूप केदार सरांचा. नवी क्वेरी माझी."

आणि सर मीटिंगमध्ये मला काय म्हणाले होते, तेही इंग्रजीत करून सांगितलं. सगळ्यांना कळेल असं.  

कुणी हसलं नाही.  सिस्टर म्हणाली, "त्यातले एक आता येत नाहीत. बोम्मसंद्र्याचे. फोनही लागत नाही."

काही बदललं नाही. सर त्याच खुर्चीत आहेत. नव्या क्वेरीवर त्यांचंच नाव आहे. मला दुसऱ्या टीममध्ये टाकलं, तिथे कामच देत नाहीत. जे हसले होते ते आता डबा घेऊन लांबच्या टेबलावर बसतात. एचआरच्या बाईंनी विचारलं, "ते असं बोलले याला पुरावा काय?" मराठी कळली नसेल, पण हसले तर सगळे होते. आठवत कुणालाच नाही. आई फोनवर रडते.

सोमवारी बाईंनी कागद पुढे सरकवला. क्लायंटसमोर सहकाऱ्याची बदनामी केल्याबद्दल मी दिलगीर आहे, असं त्यावर लिहिलेलं. खाली सहीची जागा. म्हणाल्या, "सही कर, विषय संपेल."

मी कागद परत सरकवला. नोकरी जाणार, हे मला कळतं. दुसरीकडेही असलेच लोक भेटणार, हेही कळतं. बोम्मसंद्र्याचा तो माणूस माझ्या बोलण्यानं परत येणार नाही.

पण सही करणार नाही. काढायचं तर काढा, का काढलं ते लेखी द्या. दिलगीर मी नाही.