अंबादासभाऊंचा रशियातला माणूस

ज्या घरात कुणी मेलंच नव्हतं, त्या घरी मी गल्लीतल्या सहा बायका रडायला घेऊन गेले होते. सोबत पिठलं-भाकरीची टोपलीही होती. नातवंडांना हे सांगते तेव्हा ती विचारतात, "आजी, तू तेव्हा लहान होतीस का?" नाही बाबांनो, चांगली बेचाळीस वर्षांची होते. अक्कल यायची होती, ती बहुतेक सेनगावच्या जीपमध्येच बसून राहिली असावी.

ते घर अंबादासभाऊंचं. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. नव्वदनंतर आमची बदली सेनगावजवळच्या गोरेगावला झाली, म्हणजे आमच्या मास्तरांची, आणि शेजार मिळाला तो यांचा. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी नवी तार गुंडाळून बांधून देण्याचं त्यांचं दुकान होतं. बायको वारलेली, लेक सासरी. मोटर उघडण्याआधी तिचा वास घ्यायची त्यांची सवय मी पहिल्याच दिवशी पाहिली. डोळे मिटून, एखाद्या फुलाचा घ्यावा तसा. मी हसले तर म्हणाले, "हसा वैनी. माणूस खोटं बोलंल, मोटर बोलत न्हाई."

आणि स्वतः मात्र खोटं बोलतात अशी त्यांची गावभर ख्याती. कारण रशिया. तरुणपणी ते एका कारखान्यात होते, तिथून त्यांना आठ महिने रशियाला शिकायला धाडलं होतं. इथपर्यंत लोक मानत. पण तिथला स्तेपान इलिच नावाचा मोठा नट आपला दोस्त होता, असं ते सांगू लागले की पारावरची माणसं तंबाखू मळता मळता एकमेकांकडे बघत. "काय म्हणतो तुमचा दोस्त? येऊन राहिला का यंदा पोळ्याला?" भाऊ उठून दुकानाकडे चालू लागत. मीही हसणाऱ्यांतलीच. माझा समज असा, की रशियात फक्त ट्रॅक्टर आणि बर्फ असतो, नाटकं कुठून असणार?

दरवर्षी थंडी पडली की ते त्या नटाला नव्या वर्षाचं कार्ड पाठवत. त्याच्या थेटराचा जुना छापील कागद त्यांनी जपून ठेवला होता. त्यावरचा पत्ता ते लिहीत नसत, काढत. रांगोळी काढावी तसा, एकेक अक्षर मान वाकडी करून. खाली इंग्रजीत आपलं नाव आणि गाव. उत्तर कधी आलं नाही.

मग एका दुपारी आलं. भाऊ तांब्याची तार आणायला सेनगावला गेलेले, म्हणून पोस्टमनने पाकीट माझ्या हातात दिलं. बघते तर त्याचा कोपरा कापलेला. आता आमच्याकडे कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे माणूस गेल्याचं पत्र. ते घरातसुद्धा नेत नाहीत. मी ते त्यांच्या ओट्यावर ठेवलं, वर दगड ठेवला आणि धावले सखूबाईंकडे. गल्लीतलं जन्ममरण सगळं त्यांच्याच हाताखाली.

"कोण गेलं म्हणे?" सखूबाईंनी विचारलं.

"माहीत नाही. अक्षर वाचता येत नाही."

"ते मागून बघू. आधी पीठ काढ." ज्या घरचं माणूस जातं तिथं त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारचे कडू घास म्हणून शिजवून नेतात. आम्ही तेच केलं.

भाऊ जीपमधून उतरले ते खांद्यावर तारेचं भेंडोळं घेऊन. दारात आम्ही सात जणी. सखूबाईंनी त्यांना पाहताच सूर लावला. भाऊ घाबरले. "काय झालं? कोण गेलं?"

सखूबाई रडता रडता थांबल्या. "तुमालाच ठाव आसंल की. तुमचंच हाय ना माणूस?"

"माझं कोणतं?"

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दगडाखालचं पाकीट दाखवलं. भाऊंनी ते उघडलं. आत हातानं लिहिलेला कागद. छापील अक्षर त्यांना थोडं लागायचं, हातचं काही केल्या लागेना. खालची सही मात्र त्यांनी ओळखली, जपलेल्या कागदावर तीच होती. पण सही त्याची, तर मेला कोण? आणि कोपरा तर कापलेला. ते एकदा सहीकडे बघत, एकदा कोपऱ्याकडे. शेवटी ओट्यावर टेकले. म्हणाले, "मरायच्या आधी लिहून ठेवलं आसंल. मागून कुणी धाडलं आसंल."

हे कुणालाच नीट कळलं नाही, पण सगळ्यांनी माना हलवल्या. मेल्या घरी कुणी उलटून विचारत नाही. हसत तर नाहीच. म्हणून त्या दिवशी गोरेगावनं स्तेपान इलिचचं आयुष्य पहिल्यांदा पुरतं ऐकलं.

तो नावाड्याचा मुलगा. शहरात आला तो सुतार म्हणून, थेटरात खोटी दारं-खिडक्या ठोकायला. एकदा एक नट आजारी पडला. दार उघडणाऱ्या नोकराचं काम होतं, बोलणं काही नाही. "दार यानंच केल्यालं, तर उघडंलबी हाच, म्हणून उभा केला," भाऊ म्हणाले. चार वर्षं तो नुसतं दार उघडत होता. मग एका सिनेमात ट्रॅक्टरवाला झाला आणि देशभर गाजला. लोक वाटेत अडवून आपले बिघडलेले ट्रॅक्टर त्याला दाखवत. त्याला चालवतासुद्धा येत नव्हता. एवढं नाव होऊनही संध्याकाळी तो थेटरातच सापडायचा. पुढे तिकडचं राज्य मोडलं, थेटरातल्या शेगड्या विझल्या. लोक कोट घालून बसत आणि हा पातळ सदऱ्यात काम करी. हे भाऊंनी तिकडच्या हिंदी रेडिओवर ऐकलं होतं म्हणे.

"आन तुमी कसे गेले तिथं?" एकीनं विचारलं.

"तवा ऊब होती तिथं. माझी खोली गार. एकच नाटक बावीस वेळा पाह्यलं, शब्द कळत न्हाई. एक दिवस त्यानं आत बोलावलं, चहा पाजला. खांद्यावर हात ठेवला."

सखूबाईंनी भाकरीचा तुकडा मोडून त्यांच्या हातात दिला. भाऊंनी तो खाल्ला, आणि मग मात्र ते खरंच रडले.

त्या दिवसापासून गाव बदललं. पारावर त्यांना जागा मिळू लागली. गणपतीतल्या नाटकाची तालीम घ्यायला त्यांनाच बोलावलं. आणि इकडे आठवड्यानं पोस्टमननं माझ्याजवळ कबूल केलं, की परदेशी तिकिटं जमवायचा त्याला शौक आहे, तो कोपरा त्यानंच कापला. मी त्याला बोलले ते कमीच. पण मग मेलं होतं कोण? की कुणीच नाही? भाऊंना सांगावं तर कसं? मी मुकाट्यानं ते पत्र मागून घेतलं. मास्तर नांदेडला निघाले होते. तिथे रशियन येणारे एक निवृत्त इंजिनियर त्यांच्या ओळखीचे होते. त्यांनी खाली मराठीत लिहून दिलं.

मी कागद घेऊन दुकानात गेले. भाऊंचे हात वार्निशनं बरबटलेले. "वाचा तुमीच," ते म्हणाले. आधी मी तिकिटाचं सांगून टाकलं. त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला. मग मी वाचलं. स्तेपान इलिच जिवंत होता. गुडघे दुखत होते, थेटरात पुन्हा ऊब आली होती, या वर्षी तो एका म्हाताऱ्या घड्याळजीचं काम करत होता. कार्डं दरवर्षी मिळतात, आभार. एवढं वाचून मी घडी घातली. एक ओळ गाळली होती. शहाणपणा, दुसरं काय.

भाऊंनी फडक्याला हात पुसले आणि कागद मागून घेतला. ती ओळ होती: 'आपण कोण, हे मला आठवत नाही, क्षमा करा.' ती त्यांनी वाचली, पुन्हा वाचली. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही, आजही सांगता यायचं नाही.

मी घाईघाईनं म्हणाले, "भाऊ, हे कुणाला कळायला नको. गावासाठी तो गेला तो गेला. तुमचा मान राहील."

त्यावर ते बोलले ते जसंच्या तसं लिहिते:

"वैनी, त्याला मी आठवत न्हाई, ते बराबर हाय. स्टेजवरून खालचा अंधारच दिसतो. पण माणूस तिकडं रोज तोंडाला रंग लावून काम करून राहिला, आन माझ्या मानासाठी आपण त्याला इकडं मेलेला ठेवायचा? गेला म्हणून तुमी सांगितलं, आता हाय म्हणूनबी तुमीच सांगा. हसतील ते मला हसतील, तुमी काहून भेता?"