भालूभाऊंची जर्मन काच

मलकापुरात फोटो काढणारे आता गल्लोगल्ली आहेत, पण गेलेल्या माणसाचा चेहरा शोधून काढणारा एकच होता, आणि तो माझा शेजारी. भालचंद्र उमाळकर. त्यांच्या स्टुडिओची आणि माझ्या वह्या-पुस्तकांच्या दुकानाची भिंत एक. सगळं गाव त्यांना भालूभाऊ म्हणतं. हट्टी माणूस. आपलं चुकलं हे त्यांच्याकडून वदवून घ्यायचं म्हणजे दगडातून पाणी काढायचं. मी त्यांच्याविषयी बरंच लिहायला बसलो आहे, पण मधेच मला राग येईल, तो वाचणाऱ्यानं सोसावा.

चेहरा शोधून काढणं म्हणजे काय ते सांगतो. आमच्याकडे घरातलं वडीलधारं माणूस गेलं की तेरवीच्या आत त्याचा मोठा फोटो तयार पाहिजे. हार त्यालाच घालायचा, आल्यागेल्यानं हात त्यालाच जोडायचे. आता खेड्यातल्या म्हाताऱ्या बाईनं जन्मात एकटीचा फोटो काढलेला नसतो. ती असते कुणाच्या तरी लग्नाच्या ग्रुप फोटोत, मागच्या रांगेत, पदर कपाळावर ओढून, चेहरा तुरीच्या डाळीएवढा. लोक तो फोटो फडक्यात गुंडाळून भालूभाऊंकडे आणायचे. भालूभाऊ तो टेबलावर सपाट ठेवायचे, दोन्ही बाजूंनी दिवे लावायचे, वर कॅमेरा खाली तोंड करून बसवायचे आणि त्या डाळीतून बाई बाहेर काढायचे. नाकातली फुली, गालावरचं गोंदण, सगळं. मुलं फोटो पाहून दारातच रडायला लागायची.

हे सगळं ज्या लेन्सच्या जोरावर, तिला ते जर्मन काच म्हणत. तरुणपणी जळगावच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून त्यांनी मोठ्या रोलच्या कॅमेऱ्यासकट ती घेतली होती. मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून बारीक वस्तू टिपणारी. हातात घेतली तर खलबत्त्यासारखी जड. रोल मिळेनासे झाले तेव्हा कॅमेरा कपाटात गेला आणि भालूभाऊ घरात सुतक असल्यासारखे बसून राहिले. मग त्यांच्या मुलानं, धवलनं, पुण्याहून डिजिटल कॅमेरा आणला आणि सोबत धातूची एक कडी आणली. कडीच्या एका अंगाला नवा कॅमेरा, दुसऱ्या अंगाला जुनी लेन्स. भालूभाऊ दहा वर्षांनी लहान झाले. कॅमेऱ्याबरोबर आलेली प्लॅस्टिकची लेन्स पासपोर्ट फोटोपुरती, आणि चेहऱ्यांसाठी काच.

पण या जोडप्याचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. आपल्या तोंडाला काय लावलंय हे कॅमेऱ्याला कळतच नसे. प्लॅस्टिकची लेन्स ‘पीं’ असं वाजून फोकस आपला आपण करी; तिच्यासाठी भालूभाऊ डोळाही मिटत नसत, नुसतं बटण दाबत. काचेचं सगळं हातानं. भालूभाऊ स्टुलावर चढायचे, कॅमेऱ्यावर वाकायचे, डावा डोळा मिटायचे, उजवा कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या खिडकीला लावायचे आणि लेन्सचं कडं केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवायचे. इतक्या जवळून केसभर चुकलं तरी चेहऱ्याचं पीठ होतं. मागच्या पडद्यावर मोठं करून पाहा, असं धवल फोनवर सांगायचा. भालूभाऊ म्हणायचे, “टीव्ही पाहून काय फोटो काढाचा?”

आणि एके वर्षी चेहऱ्यांचं पीठ व्हायला लागलं.

पहिला खटका उडाला तो रोहिणखेडच्या निवृत्तीच्या वेळी. त्याची आई रुखमाबाई गेली होती. ग्रुप फोटो नेहमीसारखाच, बाई मागच्या रांगेत. भालूभाऊंनी दुपारभर खटपट केली आणि संध्याकाळी जो फोटो हातात दिला तो निवृत्तीनं दिव्याखाली धरून पाहिला. मग म्हणाला, “भाऊ, हे धुक्यात उभी हाय काय माही माय?”

पुन्हा काढला. पुन्हा तेच. तेरवी तोंडावर आलेली. शेवटी निवृत्तीनं दुसरीकडे जाऊन मोबाइलवर चेहरा साफ करून घेतला. तो येऊन दाखवून गेला. गोरीपान, गुळगुळीत, भुवया कोरलेली कुणी एक बाई. “माय नोहे हे,” तो म्हणाला, “पण हार त घालाच लागते न.” त्याच्या आवाजात रागसुद्धा नव्हता. तो गेल्यावर भालूभाऊंनी दुपारीच शटर खाली ओढलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निकाल लावून टाकला होता. काच बिघडली. मला बोलावून पुरावा दाखवला. प्लॅस्टिकच्या लेन्सनं काढलेला फोटो, लख्ख. काचेनं काढलेला, पीठ. वर म्हणाले, “खिडकीतून पाहतो त फोटोची सरळ किनार वाकडी दिसते, मधात काळसर डाग. आतली काच सरकली, बुरशी बी लागली. अजून काय पाहिजे तुले?” मला काय कळतंय? कॅमेरा तोच, माणूस तोच, बदलली ती फक्त लेन्स. मग दोष लेन्सचाच. कुणालाही पटावं असंच होतं ते. फक्त शारदावहिनी, त्यांची बायको, चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, “नाचता येईना अंगण वाकडं.” त्या थट्टेनं बोलल्या, आणि भालूभाऊ दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

मग सुरू झालं त्या काचेचं दवापाणी. भालूभाऊंनी ती मुंबईच्या एका जुन्या कारागिराकडे कुरियरनं पाठवली आणि रोज दुकानात येऊन विचारू लागले, “आली असन का आज?” जणू लेकीचं बाळंतपण होतं मुंबईला. काच परत आली. कारागिरानं फोनवर सांगितलं, आत थोडे ठिपके आहेत ते जुन्या लेन्सला असतातच. चित्रात काही फरक पडत नाही, लेन्स ठणठणीत आहे. भालूभाऊंनी त्याला चोर ठरवलं. फोकस पुन्हा चुकलाच. मग जळगाव झालं, नागपूर झालं. दरम्यान उन्हाळा गेला, पावसाळा गेला. वहिनी एकदा म्हणाल्या, “अहो, चष्म्याचा नंबर तरी तपासून घ्या.” त्यावर, “पेपर वाचतो न मी धडधड? सुईत दोरा कोण ओवून देते तुले?” हेही खरंच होतं. दोन्ही डोळे उघडे असले की त्यांना सगळं दिसत होतं.

दिवाळीनंतर त्यांनी ती काच स्वतःच उघडली. टेबलावर पांढरा रुमाल पसरून, एकेक कडं सोडवून. स्पिरिटनं मधली भिंगं पुसली, इतकी की त्यांच्यावरचा निळसर मुलामा उतरला. जोडताना आटे चुकीच्या जागी बसले. त्यानंतर त्या लेन्समधून खरोखरच सगळं दुधाळ यायला लागलं. आणि हा माणूस मला म्हणतो कसा, “पाह्यलं? मी सांगत नव्हतो?” त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. ते आठवलं की आजही माझ्या तोंडात शिवी येते.

कापसाचा हंगाम होता. जिनिंग कारखान्यातून गाड्यांची ये-जा असली की आमच्या रस्त्यावर कापसाचे तंतू उडतात. भालूभाऊ माझ्या काउंटरशी उभे राहून बोलत होते, तेवढ्यात त्यांच्या डाव्या डोळ्यात काहीतरी गेलं. त्यांनी तळहातानं तो डोळा झाकला आणि बोलता बोलता थांबले.

“काय झालं?” मी विचारलं.

“तुहं तोंड कुठी गेलं बे?”

मला वाटलं, चेष्टा. मी हसलो. ते हसले नाहीत. डावा डोळा तसाच झाकलेला ठेवून त्यांनी मान वळवली आणि रस्त्याकडे पाहिलं, समोरच्या दुकानाच्या पाटीकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. “खांदे दिसून राह्यले,” ते म्हणाले. “मधात काहीच नाही.” मग त्यांनी हात काढला, माझ्याकडे नीट पाहिलं, पुन्हा झाकला. असं त्यांनी कितीतरी वेळा केलं. त्यांना सगळं कळलं होतं. मी स्टूल पुढे सरकवलं.

उभ्या जन्मात ते एकाच कामासाठी डावा डोळा मिटत होते. त्या काचेच्या मागे उभं राहण्यासाठी. म्हणून उजव्याचा रोग त्यांना दिसला तो फक्त त्या काचेतून, आणि त्यांनी तो काचेचाच मानला.

अकोल्याला मी आणि वहिनी त्यांना घेऊन गेलो. डॉक्टरबाई तरुण होत्या, शांतपणे बोलत होत्या. त्यांनी चौकटीचौकटींचा एक कागद भालूभाऊंच्या उजव्या डोळ्यासमोर धरला. रेघा वाकड्या दिसतात का? भालूभाऊ म्हणाले, मधल्या रेघाच नाहीत. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यावर रक्त झिरपत होतं, आता तिथं व्रण झाला आहे, असं बाईंनी समजावून सांगितलं. ज्या जागेनं आपण वाचतो, माणूस ओळखतो, तीच जागा. वहिनींनी विचारलं, “इंजेक्शन असते म्हणतात न?” बाई म्हणाल्या, असतं, डोळ्यात देतात, सुरुवातीला दिलं तर नजर थोपवता येते. रेघा वाकड्या दिसायला लागल्या तेव्हा यायला हवं होतं.

तेव्हा भालूभाऊ मुंबईला कुरियर करत होते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो, पण तिच्यात रेडा मरतो हे मला त्या दिवशी कळलं.

डावाही सुरू झाला होता. त्याला इंजेक्शनं दिली. दर वेळी अकोला, दर वेळी पट्टी, दर वेळी थोडी आशा, आणि मग बाईंचं कमी कमी बोलणं. डाव्यानं औषधाला दाद दिली नाही. स्टुडिओ बंद झाला. धवल येऊन पुण्याला चला म्हणाला, तर भालूभाऊ म्हणाले, “तिथल्या माणसांचे चेहरे मी कधी पाह्यलेच नाहीत. इथल्यांचे निदान आवाजावरून लावता येतात.” त्यावर धवल बाहेर येऊन माझ्या दुकानात रडला. मी त्याला काय सांगणार? काळजी करू नको, असं मी कुणालाही सांगणं सोडलं आहे.

गेले काही महिने त्यांचा एकच उद्योग होता. सकाळी खिडकीत ऊन आलं की ते वहिनींना समोर खुर्चीत बसवायचे आणि डाव्या डोळ्यानं पाहत राहायचे. चाळीसेक वर्षांच्या संसारात या माणसानं बायकोकडे असं निरखून पाहिलं नसेल. वहिनी आधी लाजायच्या, स्वयंपाक राहिलाय म्हणायच्या. “बस न थोडी,” ते म्हणायचे. “पाठ करून राह्यलो.” मग त्याही बसू लागल्या. केस नीट विंचरून, कुंकू जरा मोठं लावून, हलायचं नाही असं ठरवून.

परवा सकाळी मी पेपर द्यायला गेलो. पेपर वहिनी वाचून दाखवतात. त्या उन्हात बसलेल्या होत्या, हात मांडीवर. भालूभाऊ समोर. ते बराच वेळ पाहत होते, मान थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे. मग मान हलायची थांबली.

“अंबाडा दिसते,” ते म्हणाले. “कान दिसते. पदर दिसते.”

वहिनी खुर्ची पुढे ओढत त्यांच्या अगदी जवळ गेल्या, गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत, आणि चेहरा पुढे केला.

“आता?” त्यांनी विचारलं.

“उठ शारदा,” भालूभाऊ म्हणाले. “उद्यापासून बसू नको.”