मला नव्हता दिला शेक

सिंधूबाई गेल्याचं मंगलने सकाळी फोनवर सांगितलं. मंगल माझी मुलगी, सिंधूबाई तिच्या सासू, म्हणजे जळगावच्या माझ्या विहीणबाई. मी धुळ्याहून एसटीने निघाले. शेजारच्या बाईने विचारलं, "काय झालं होतं हो त्यांना?" मी म्हटलं, "पोटाचं." म्हटलं आणि स्वतःचीच लाज वाटली. पोटाचं नव्हतं. गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर होता, आणि तोच मला होऊन गेला आहे. हे असं छापून आलेलं पाहून नातलग नाक मुरडतील. मुरडू देत.

आमचं पटायचं ते टोमण्यांवर. "तुमच्या धुळ्याच्या वांग्यात नुसत्या बिया," त्या म्हणायच्या. मी म्हणायची, "जळगावच्या माणसाला वांग्यापलीकडे दिसतं काय?" शुगरची गोळी हातात धरून त्या आधी पेढा खायच्या आणि मग हसत गोळी गिळायच्या...

पाळी जाऊन कित्येक वर्षं झाल्यावर मला अंगावरून लाल गेलं. सुनेला ते धुण्यात दिसलं. तिने मला दटावून दवाखान्यात नेलं. पिशवी काढली. डॉक्टर म्हणाले, पहिली पायरी, म्हणजे पहिली स्टेज, वरवरचा आहे, आणखी काही नको. मग लोक म्हणायला लागले, अक्का धीराची, अक्का खमकी. मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू?

पुढे सिंधूबाईंनाही तसंच झालं. त्यांनी ते दाबून ठेवलं, कारण घरात कानबाईचे रोट त्यांच्याच हातचे, आणि अंगावरून जातंय म्हटलं असतं तर देवीजवळ कोणी फिरकू दिलं नसतं. सण उरकल्यावर बोलल्या. ऑपरेशन झालं. कागदावर त्यांचीही पहिलीच पायरी. पण दुखणं पिशवीच्या भिंतीत अर्ध्याहून खोल शिरलेलं, गाठही वाईट जातीची. डॉक्टरांनी शेक घ्यायला सांगितला, म्हणजे रेडिएशन. आठवडेच्या आठवडे रोज जायचं, परक्या माणसांपुढे लुगडं सोडून पडायचं. त्यांनी मला फोन केला.

"बठ्ठं काढी टाकं ना, मंग शेक कसाले? तुमले दिन्हा व्हता का?"

सगळंच काढलं, मग शेक कशाला, हा त्यांचा सवाल. मी म्हटलं, "मला नव्हता दिला. बघा, ठणठणीत आहे. तुमचीही पहिलीच ना? मग झालं तर."

एक शब्द खोटा नव्हता. पण चौथी शिकलेली मी, डॉक्टरीण होऊन बसले. त्या शेकाला गेल्याच नाहीत. पुढे टाक्यांच्या जागी दुखणं परत आलं, मग छातीत गेलं. मी डॉक्टरांना गाठून विचारलं. ते म्हणाले, शेक घेतला असता तर वाचल्याच असत्या असं सांगता येत नाही, पण तिथं परत येण्याचा धोका कमी झाला असता. पायरी तीच असली तरी दोघींचं दुखणं सारखं नव्हतं... हे मी आधी विचारलं असतं तर?

शेवटच्या भेटीत मी त्यांच्यापुढे तो विषय काढला. त्या म्हणाल्या, "तुम्ही खोटं काय बोलनात? तुमले नव्हताच दिन्हा." आणि भिंतीकडे वळल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दहाव्याला शिंदखेड्याची त्यांची बहीण सगळ्यांदेखत मला म्हणाली, "अक्का, तुम्ही काय केलं म्हणून वाचल्या?"

"काही नाही केलं," मी म्हटलं. "माझा वर होता, यांचा खोल होता. यांना शेक सांगितला होता, आणि मी फोनवर नको असं सुचवलं."

मंगल कप गोळा करून आत गेली. मी मागे गेले. ती मोरीपाशी उभी होती.

"मला माहीत होतं, आई. त्यांना कमी ऐकू यायचं, फोन कायम स्पीकरवर असायचा. मी शेजारीच बसले होते... मीही 'आई बरोबर बोलतेय' म्हटलं होतं."

अजूनही मी फोन केला की मंगल तो सवयीने स्पीकरवर टाकते, आणि मीही सवयीने ओरडून बोलते. मग दोघींच्या लक्षात येतं. तरी ती तो बंद करत नाही, आणि मीही तिला कर म्हणत नाही.