पाट्यांवरची झाडांची नावं पुसली

मंडळी, आज दुपारी शाळेत काय झालं ते ऐका.

आमच्या एटापल्लीकडच्या शाळेत मी आणि टिनकाम करणारे रफीकभाऊ, आम्ही दोघांनी झाडांसाठी पत्र्याच्या पाट्या बनवल्या होत्या. त्यांवर रंगानं मराठी आणि गोंडी नावं लिहिली. एखादं रोप मेलं, तर पाटी रॉकेलनं पुसून दुसऱ्या रोपाला लावायची.

आज पाहुणे येणार म्हणून मुख्याध्यापकांनी सगळ्या पाट्या पुसून घेतल्या आणि प्रत्येक झाडाला एकेका पाहुण्याचं नाव दिलं.

रफीकभाऊंनी विचारलं, "सर, झाडं त जित्ती हायेत. नावं काऊन पुसली?"

"पुसता याव्या म्हणूनच त बनवल्या ना तुमी?" मुख्याध्यापक हसून म्हणाले.

मोहाच्या रोपावर आता कुणाच्या तरी मेव्हण्याचं नाव आहे. तुमच्या शाळेत झाडांना झाडांचीच नावं आहेत का?