भेटीचं रडणं

आमच्या तांड्यात बायका भेटल्या की 'कशी हायेस' असं कुणी विचारत नाही. गळ्यात गळा घालतात आणि रडतात. साधंसुधं नाही, सुरावर. रडता रडताच सगळं सांगायचं: कोण आजारी आहे, कोण गेलं, ऊसतोडीला गेलेलं कोण अजून परतलं नाही. मधूनमधून समोरच्या माणसाला हाक घालायची. बहीण असली तर 'बेन', भाऊ असला तर 'वीरा'. भावानं उलट रडायचं नसतं. त्यानं बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून खांबासारखं उभं राहायचं. बायका मात्र दोघीही रडतात, मग नाक पुसतात आणि चहा टाकतात.

लहानपणी मी आणि माझी मोठी बहीण हेच खेळायचो. आईबाप रानात गेले की ती पाहुणी होऊन घरामागून यायची आणि मी दारात उभी असायची. एकदा तर मेलेल्या कोंबडीसाठी इतक्या रडलो की शेजारीण धावत आली. माझा सूर बहिणीपेक्षा चांगला लागायचा, असं तीच म्हणायची. घरादाराच्या लेखी मी पोरगा होते, पण त्या खेळात ती मला 'बेन' म्हणायची. बापानं एकदा पाहिलं आणि माझी पाठ सोलून काढली. खेळ तिथंच संपला.

पुढं मी हिंगोलीला आले. स्टेशनच्या मागं एक खोली घेतली, केस वाढवले, साडी नेसायला लागले. मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, हळद निवडायचं काम करते. निवडणाऱ्या बायकांत बसते, डबाही खाते. पण गोणी उचलायची वेळ आली की सगळ्या माझ्याकडं बघतात. "तुझ्यात ताकद हाय माय," म्हणतात. आत्ता बरी आठवली माझी ताकद!

गावात बायकांची एक संघटना आहे. तिथल्या ताईंनी मला बोलवलं, तेव्हा मला कोण आनंद झाला. बैठकीत माइकही मिळाला. मी सुरुवात आईपासून केली, बाळंत होऊन लगेच कोयता हातात धरणाऱ्या माझ्या आईपासून. तर ताई हळूच कानाशी लागल्या, "ते पुढच्या वेळी सांग. आज फक्त तुझं सांग." अहो, माझंच तर सांगत होते! तांडा काय मी घरी खुंटीला टांगून येते?

त्याच बैठकीत एक रिटायर मास्तरीण उठल्या. "राग मानू नको पोरी," म्हणाल्या, "पण आमी लहानपणापासून बाई म्हणून जे भोगलं, ते तू कुठं भोगलं? तुझ्या तांड्यातल्या बायका तरी तुला आपल्यातली म्हणतात का?"

माझं तोंड म्हणजे फाटकं. "म्हणतात की," मी म्हणाले. "माझी सख्खी बहीण मला बेन म्हणते."

कसलं काय! बहीण लग्नानंतर चोरून फोन करायची आणि मला कुठलीच हाक मारायची नाही. नुसतं 'हॅलो'. बैठक संपल्यावर त्याच मास्तरणीनं मला आपल्या डब्यातली मेथीची भाजी वाढली. मला तिच्या प्रश्नापेक्षा त्या भाजीचाच जास्त राग आला. खाल्ली मात्र सगळी.

आणि मग एका सकाळी बहिणीचा फोन आला. "याडी गेली. ये." याडी म्हणजे आई.

मी साडीच नेसून निघाले. एसटीत माणसं दांडीला लटकून उभी होती, तरी माझ्या शेजारची सीट आखाडा बाळापूरपर्यंत रिकामीच राहिली. तिथून पुढं मी हळदीच्या रानांमधून पायी चालले. सगळ्या वाटेत मनात एकच चाललं होतं, बहीण मला काय म्हणून रडेल? आई मेलेली आणि मला हे सुचत होतं. माझी मलाच लाज वाटत होती, पण विचार काही जात नव्हता.

तांड्याच्या तोंडाशी म्हातारा चुलता बसला होता. गडीमाणसं आईला घेऊन नुकतीच मसणवट्याकडं गेली होती. "काहून उभा राहिला? पळ, अजून गाठशील. खांदा दे," तो म्हणाला.

पळाले असते तर आईचं तोंड दिसलं असतं. पण तिकडं गेले की मी पोरगा ठरणार, आणि आईला लेकाचाच खांदा लागणार. अंगणात बायका रडत होत्या, त्यांचा सूर ऐकू येत होता. मी अंगणाकडं वळले. आईचं तोंड बघायचं राहिलं ते राहिलंच.

मला बघून बहीण उठली आणि सरळ येऊन माझ्या गळ्यात पडली. किती वर्षांनी कुणी मला असं धरलं होतं! आणि तिनं सूर लावला, "वीरा रे... याडी आपल्याला टाकून गेली रे, वीरा..."

माझा हात आपोआप तिच्या डोक्यावर गेला. तसंच उभं राहायला हवं होतं, तसंच शिकवलेलं होतं. पण गळ्याला कोण अडवणार? "बेन," मी रडले, त्याच जुन्या सुरात, "मला बी टाकून गेली गं, बेन..."

बहीण थांबली. तिचे हात सैल पडले आणि मला वाटलं, सोडते आता ही मला. तिनं सोडलं नाही. तिनं पुन्हा सूर धरला, आईचं दुखणं, आईच्या शेळ्या, सगळं सगळं रडून सांगितलं. फक्त हाकेची जागा आली की ती गप्प व्हायची आणि श्वास घेऊन पुढचं रडायची. वीरा नाही आणि बेनही नाही.

दुपारी तिनं फडक्यात भाकरी बांधून दिली. तांड्याच्या टोकापर्यंत आली, पण चार पावलं मागंच राहून.

"बाराव्याला येऊ नको," ती म्हणाली. "भाऊबंद भडकतील. मी फोन करीन."

"बरं," मी म्हणाले.

रानाच्या वाटेला लागले, मागं वळून पाहिलं तर कुणी नव्हतं. मग बांधावर बसले आणि दोघींचंही रडणं एकटीनंच रडले. आधी माझ्या वाटणीचं, मग तिच्या. तिच्या वाटणीचं रडताना हाकेची जागा आली, तेव्हा मी स्वतःलाच 'बेन' म्हणाले.